एका वाक्याचे कलम

कायद्याच्या पुस्तकात कलमांच्याही जाती असतात. काही कलमे गावच्या पाटलासारखी. त्यांच्यावाचून पान हलत नाही. खुनाचे तीनशे दोन आणि फसवणुकीचे चारशे वीस ही तर न्यायालयाची पायरी जन्मात न चढलेल्या माणसाच्याही जिभेवर होती. २०२४ साली नवे कायदे आले, त्यांचे आकडे बदलले, तरी बोलण्यातून ती इतक्यात जायची नाहीत. उलट काही कलमे एकत्र कुटुंबातल्या अबोल काकूंसारखी असतात. त्यांचे नाव कोणी काढीत नाही, आणि घरातले एकही कार्य त्यांच्यावाचून पार पडत नाही.

आज ज्याच्याविषयी लिहावयाचे ते कलम या दुसऱ्या जातीचे आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याचा क्रमांक ५३ होता, १९७३ च्या संहितेत ५२ झाला आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत ५० आहे. सारे कलम मिळून एकच वाक्य. त्याचा भावार्थ असा: अटक करणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा अन्य व्यक्तीला, अटक झालेल्या इसमाच्या अंगावर असतील ती घातक हत्यारे काढून घेता येतील, आणि अशी घेतलेली सर्व हत्यारे, त्या इसमाला ज्या न्यायालयापुढे वा अधिकाऱ्यापुढे उभे करावयाचे, त्याच्या स्वाधीन केली पाहिजेत.

वाचकांनी या वाक्याची दोन शेपटे जरा न्याहाळून पाहावीत. पहिल्याच्या शेवटी ‘घेता येतील’ आहे, दुसऱ्याच्या शेवटी ‘केली पाहिजेत’ आहे. घेणे ऐच्छिक, देणे सक्तीचे! सरकारी कायद्यात असा उलटा हिशेब फार थोड्या ठिकाणी आढळतो. एरवी सरकार घेते ते हक्काने आणि देते ते मर्जीने. हत्यार काढून घेण्याचा अधिकार कशासाठी, हे लहान मूलही सांगेल. पकडलेल्या माणसाने पकडणाऱ्यावर, दुसऱ्या कोणावर किंवा स्वतःवरच ते चालवू नये. पण हत्यार एकदा हातात आले की ते पकडणाऱ्याचे होत नाही, हे सांगणारा जो उत्तरार्ध आहे, माझ्या मते कलमाचा जीव त्यात आहे. शिपाई हा केवळ वाटेतला हमाल, माल न्यायालयाचा.

याच्या शेजारीच अंगझडतीचे कलम आहे. त्याची आणि याची गल्लत होते, म्हणून दोन शब्द. अंगझडती पोलिसांनीच घ्यावयाची. तीत पाकीट, घड्याळ, तपकिरीची डबी, जे काही निघेल ते अंगावरचे आवश्यक कपडे वगळून जपून ठेवावयाचे, आणि १९७३ पासून त्याची पावतीही द्यावयाची. हत्यार मात्र अटक करणारा कोणीही काढून घेऊ शकतो. आणि मौज अशी की, त्याच्या कलमात पावतीचा उल्लेख नाही. म्हणजे साडेतीन रुपयांची चिल्लर घेतली तर पावती, आणि भरलेले पिस्तूल घेतले तर पावतीबद्दल कलम मुके!

घातक हत्यार म्हणजे काय, याचीही व्याख्या त्या प्रकरणात दिलेली नाही. आपल्याकडे कोयता नाही असे शेतकऱ्याचे घर नाही, आणि विळ्यावाचून गवत कापले जात नाही. १९५९ चा शस्त्र कायदा, जो १९६२ च्या ऑक्टोबरपासून अमलात आला, त्याने केवळ घरगुती वा शेतीच्या कामासाठी असलेल्या वस्तूंना शस्त्रांतून वगळले आणि उदाहरणादाखल लाठी व साधी फिरायला जाण्याची काठी यांची नावेच घेतली. तेव्हा आजोबांनी निर्धास्त असावे. परंतु त्याच काठीने कोणाचे डोके फुटले आणि ती हातात असतानाच आजोबा पकडले गेले, तर मग ती घातक हत्यार ठरून मुद्देमालाच्या खोलीत जाईल. मी काही वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली केली. त्या खोल्यांत गंजलेले कोयते, दांडा निघालेल्या कुऱ्हाडी आणि लाखेची मोहोर लावलेली गाठोडी एकमेकांना टेकून वर्षानुवर्षे बसलेली असतात. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी असते. चिठ्ठी गळून पडली की हत्यार आपले सारे चरित्र विसरते आणि नुसते लोखंड होते.

हे चरित्र किती मोलाचे असते, ते इतिहासातच पाहावे लागेल. आधी आपल्या नाशिकची गोष्ट घेऊ. कारण कलमातल्या ‘अन्य व्यक्ती’ या शब्दांचा अर्थ तिथे नाटकगृहातच उलगडला.

१९०९ च्या डिसेंबरची २१ तारीख. जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांची बढतीवर बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपासाठी विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग ठरला होता. साहेब आत येताच अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या क्षणी त्यांना धरावयास जे धावले, त्यांत डेप्युटी कलेक्टर पळशीकर होते आणि पोलीस खात्यातून निवृत्त झालेले मारुतराव तोरडमल होते. एक महसुलातले, दुसरे निवृत्त. चालू नोकरीतला पोलीस दोघांपैकी एकही नाही. बाकीची प्रेक्षकमंडळी. कान्हेरे यांचा बेत स्वतःचाही शेवट करून घेण्याचा होता. परंतु लोकांनी धरल्यामुळे तो साधला नाही. पोलीस नसलेल्या माणसांनी अटक करणे आणि हत्यार हाती उरू न देणे, या दोन्ही गोष्टी कायद्याला मान्य होत्या. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडला तर कोणाही नागरिकाला गुन्हेगारास धरता येते, असे कलम संहितेत तेव्हा होते आणि आजही आहे.

त्या पिस्तुलाने पुढे जी वाट दाखविली ती फार लांबची होती. ते ब्राउनिंग जातीचे होते. लंडनच्या इंडिया हाउसमधून सावरकरांनी अशी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन या तिथल्या स्वयंपाक्याच्या पेटीतून, तिला खोटा तळ करून, मुंबईस पाठविली होती. अमीन पुढे माफीचा साक्षीदार झाला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांना आधी एक जन्मठेप झालीच होती. जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल १९११ च्या जानेवारीत दुसरी झाली, आणि तिचा धागा या पिस्तुलांच्या प्रवासातून आलेला होता. नाटकगृहातल्या झटापटीत ते पिस्तूल अंधारात कुठे नाहीसे झाले असते तर? इतिहासाला ‘तर’ विचारू नये म्हणतात. पण वकिलाला ती खोड असतेच.

आता दिल्ली. तिथली गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि खरे पाहता याच गोष्टीसाठी मी हा लेख लिहावयास घेतला.

८ एप्रिल १९२९. मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार तंट्यांचे विधेयक संमत झाले होते आणि सार्वजनिक सुरक्षिततेच्या विधेयकावर अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल आपला निर्णय देण्यास उठले होते. इतक्यात प्रेक्षकांच्या सज्जातून दोन बाँब खाली पडले. धूर झाला, बाके फुटली, अर्थमंत्री शुस्टर आणि आणखी काही जण जखमी झाले. मृत्यू कोणाचा झाला नाही. वरून लाल पत्रके उडाली. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांना त्या गोंधळात निसटून जाणे अवघड नव्हते. ते तिथेच उभे राहिले. पोलीस आले आणि त्यांनी दोघांना अटक केली. अटक करणाऱ्यांत सार्जंट टेरी हा मुख्य.

बाँबविषयी काही वाद नव्हता; आम्ही टाकले, असे दोघेही म्हणत होते. वाद होता तो एका पिस्तुलाचा. अमेरिकन कोल्ट कंपनीचे ०.३२ इंची आपोआप भरणारे पिस्तूल, कोटाच्या खिशात सहज मावेल एवढे. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल कमरेला खोचून हिंडणाऱ्या आमच्या नातवंडांची शस्त्रे आकाराने याहून मोठी असतात! पण त्या सज्जात हे पिस्तूल नेमके कुठे होते, या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळाली. काही साक्षीदार म्हणाले, भगतसिंगांनी त्यातून दोन-तीन गोळ्या झाडल्या. सार्जंट टेरी म्हणाला, मी ते त्यांच्या हातातून घेतले. तेव्हा त्याचे तोंड जमिनीकडे होते आणि ते त्याच्याशी चाळा करीत होते. आणि ६ जून १९२९ रोजी न्यायालयात वाचल्या गेलेल्या निवेदनात दोघा आरोपींनी सांगितले की, टेरीने आमच्यापैकी एकाकडून पिस्तूल हिसकले हे धडधडीत असत्य आहे. आम्ही स्वतःस स्वाधीन केले त्या वेळी आमच्यापैकी कोणापाशीही पिस्तूल नव्हते. पुढे या खटल्याचा अभ्यास करणाऱ्यांपैकी काहींनी असेही लिहिले की, भगतसिंगांनी आपण होऊन ते पोलिसांच्या हवाली केले होते.

एक वस्तू, एक जागा, एक मिनिट. आणि हकिगती चार!

माझी वाचकांना विनंती आहे की, आरोपींच्या वाक्यातले ‘स्वाधीन केले त्या वेळी’ हे शब्द त्यांनी नजरेआड करू नयेत. पिस्तूल सभागृहात आणलेच नाही, असे ते वाक्य म्हणत नाही. त्या घडीला ते अंगावर नव्हते, एवढेच म्हणते. आणि आपल्या कलमाचे शब्दही नेमके हेच विचारतात: हत्यार अंगावर होते का? हातात असणे, खिशात असणे, बाकावर काढून ठेवलेले असणे, या तिन्ही गोष्टी बाहेरच्या माणसाला सारख्याच वाटतील. न्यायालयात त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. आरोप खुनाच्या प्रयत्नाचा होता. आम्ही बाँब मोकळ्या जागी टाकले, कोणाचा जीव घेण्याचा हेतू नव्हता, बहिऱ्या सरकारला ऐकू यावे एवढाच हेतू होता, असे आरोपींचे म्हणणे. ज्याने पिस्तूल बाजूस ठेवले त्याच्या तोंडी हे म्हणणे शोभते. ज्याच्या हातून ते काढून घ्यावे लागले त्याच्या तोंडी ते लंगडे पडते. आणि ज्याने गोळ्या झाडल्या त्याच्या तोंडी ते टिकतच नाही. म्हणून एका सार्जंटाने आपल्या उजव्या हाताने काय केले, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाला आरोपींनी आपल्या निवेदनात जागा दिली. तत्त्वज्ञानाने भरलेल्या त्या निवेदनात मध्येच हा पिस्तुलाचा खुलासा वाचताना काहींना तो किरकोळ वाटला असेल. मला तो सर्वांत वकिली सावधपणाचा भाग वाटतो. १२ जून रोजी सेशन जज्ज मिडलटन यांनी दोघांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली, आणि १९३० च्या जानेवारीत लाहोर हायकोर्टाने ती कायम केली.

परंतु पिस्तुलाचे काम इथे संपले नव्हते. ते लाहोरला सुरू व्हावयाचे होते.

१७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्स हा पोलीस अधिकारी मारला गेला होता. लालाजींवरील लाठीमाराचा तो सूड. आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंची गोळी पहिली, त्यामागून भगतसिंगांच्या. आता रिव्हॉल्व्हर आणि ऑटोमॅटिक पिस्तूल यांत एक भेद आहे. रिव्हॉल्व्हरची रिकामी काडतुसे त्याच्या फिरत्या नळकांड्यातच राहतात. ऑटोमॅटिक पिस्तूल मात्र गोळी सुटल्याबरोबर रिकामे टरफल बाहेर फेकते. चालविणारा पळून जातो. टरफले रस्त्यावर राहतात. त्या टरफलांच्या बुडावर पिस्तुलाच्या टोच्याची आणि मागच्या पोलादी पृष्ठाची खूण उमटलेली असते, आणि ती खूण प्रत्येक पिस्तुलाची वेगळी. ही विद्या त्या वेळी अगदी नवी होती. इंग्लंडात गटरिज नावाच्या एका पोलीस शिपायाच्या खुनाचा खटला १९२८ साली चालला, त्यात रॉबर्ट चर्चिल या लंडनच्या बंदूकतज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली काडतुसांच्या खुणा ताडून दाखविल्या आणि दोघे फासावर गेले. त्याच चर्चिलचा अभिप्राय लाहोरच्या खटल्यात आला. साँडर्स पडला तिथली टरफले दिल्लीच्या सज्जात मिळालेल्या कोल्ट पिस्तुलाची, असा त्याचा निष्कर्ष.

माफीच्या साक्षीदारांनी तोंडी सांगितलेल्या हकिगतीला या पिस्तुलाने लोखंडाचा टेकू दिला. भगतसिंगांना सभागृहात ते बरोबर नेण्याची बुद्धी का झाली, हे कोडे आजवर अनेकांना पडले आहे. माझे कोडे निराळे आहे. चर्चिलची विद्या खरी मानली तरी ती एवढेच सांगते की, टरफले या पिस्तुलातून आली. पिस्तूल या माणसाकडून आले, हे सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही. ते सांगावयाचे असते हत्यार काढून घेणाऱ्याने; आणि इथे त्याचे सांगणे आरोपींनी जाहीरपणे खोटे म्हटले होते. अशा वेळी न्यायाची रीत म्हणजे कसून उलटतपासणी. लाहोरला काय झाले? १ मे १९३० रोजी वटहुकूम काढून खास न्यायाधिकरण नेमले गेले. त्याच्या निकालावर हायकोर्टात अपील नव्हते. आरोपींना हातकड्या घातल्यावरून, मारहाणीवरून तंटे झाले आणि पुष्कळसे कामकाज आरोपींच्या गैरहजेरीत उरकले गेले. साक्षी झाल्या, उलटतपासणीची कसोटी बहुतेकींना लागलीच नाही. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना ७ ऑक्टोबर १९३० रोजी फाशीची शिक्षा सांगण्यात आली आणि २३ मार्च १९३१ च्या सायंकाळी ती अमलात आली.

भगतसिंगांनी साँडर्सवर गोळी झाडली नव्हती, असे मला सुचवावयाचे नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनीही पुढे ते कधी लपविले नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, माणसाच्या गळ्याला दोर लावणारा पुरावा ज्या एका क्षणातून आला, त्या क्षणाची शहानिशा करण्याची फुरसत सरकारला नव्हती.

त्या क्षणाची नोंद आज अधिक नीट होईल का? २०२३ च्या संहितेने आमच्या कलमात ‘अटक होताच लगेच’ अशा अर्थाचे शब्द घातले आहेत. ही सुधारणा लहान, पण मला ती आवडली. वेळेचा घोळ त्याने थोडा कमी व्हावा. याच संहितेने शोध आणि जप्तीचे चित्रीकरण, शक्यतो मोबाइलवर, करण्याचे बंधन घातले आहे. वर्तमानपत्रांत त्याचा गाजावाजाही झाला. परंतु कायद्याची पाने उलटून पाहिली तर ते बंधन शोध-जप्तीच्या प्रकरणापुरते लिहिलेले दिसते. आणि आमचे एका वाक्याचे कलम बसले आहे अटकेच्या प्रकरणात. जुन्या काकू नव्या घरातही माजघरातच राहिल्या! एखादा कर्तव्यदक्ष फौजदार तिथेही मोबाइल उघडील, ही गोष्ट वेगळी.

राहता राहिला कलमाचा उत्तरार्ध, ‘स्वाधीन केली पाहिजेत’. त्याच्या बाबतीत त्याच काळातल्या दोन पिस्तुलांचे नशीब सांगण्याजोगे आहे. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझाद पोलिसांशी लढताना गेले. जिवंत हाती लागले नाहीत, त्यामुळे अटकेचा प्रश्नच आला नाही. त्यांचे कोल्ट पिस्तूल मात्र पोलीस सुपरिंटेंडेंट नॉट-बॉवर यांच्याकडे गेले आणि साहेबांबरोबर इंग्लंडला पोहोचले. स्वातंत्र्यानंतर पत्रव्यवहार होऊन ते परत आले. अलाहाबादचे आता प्रयागराज झाले आहे. तिथल्या संग्रहालयात ते लोकांना पाहावयास ठेवले आहे.

भगतसिंगांचे पिस्तूल देशाबाहेर गेले नाही, पण देशातच हरवले. खटल्यानंतर ते पंजाब पोलिसांच्या फिल्लौर येथील शिक्षणशाळेत होते. १९६९ साली इतर काही हत्यारांबरोबर ते सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्रशाळेत पाठविले गेले, आणि तिथे अनेक पिस्तुलांपैकी एक होऊन राहिले. होळकरांच्या त्या शहरात किती मराठी कुटुंबे आहेत! त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर ते पडून होते आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता. २०१६ साली कोणीतरी चौकशी केली, जुने कागद निघाले आणि त्यांतला क्रमांक पिस्तुलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहण्यात आला. १६८८९६. दोन्ही जुळले. मग ते पंजाबात हुसैनीवाला येथे, सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात नेण्यात आले. सतलजच्या काठचे हे ठिकाण. लाहोरच्या तुरुंगातून रातोरात आणून त्या तिघांचे दहन सरकारने जिथे उरकले, ते हेच.